दोघंही खरं बोलतात तेव्हा

सगळ्यात अवघड तक्रार ती, जिच्यात पाठवणाराही खरं बोलतो आणि ज्याला मेल मिळायला हवा होता तोही खरंच बोलतो. "मॅडम, सकाळीच टाकलाय मेल." "आमच्याकडे पडलेला नाही." दोघांच्याही आवाजात खोट नसते. कुठे एरर नाही, परत आलेलं काही नाही. नाशिकच्या एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहक-कक्षात मी डायल-अपच्या काळापासून बसते आहे. मॉडेमची किरकिर गेली, केबल आली, फायबर आलं. या एका तक्रारीनं मात्र मला जितकं छळलं तितकं दुसऱ्या कशानंही छळलं नाही.

बाकीच्या तक्रारी मी अवघड मानतच नाही. ५३५ दिसला की पासवर्ड बघायचा. ५५२ आला की समोरचा मेलबॉक्स भरलेला असतो, नाहीतर मेल त्यांच्या मर्यादेपेक्षा मोठा असतो. आउटबॉक्समध्ये मेल लटकला असेल तर बहुतेक वेळा लग्नाचे फोटो असतात, आणि पंचवीस एमबीची मर्यादा अठरा-एकोणीस एमबीच्या फाइललाच का भरते हे समजावून सांगावं लागतं, कारण मेलमधून जाताना फाइल एक तृतीयांशानं फुगते. जुन्या कॉम्प्युटरवर सर्टिफिकेटची तक्रार आली की आधी घड्याळ विचारायचं. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाऊन बसते आणि मग कुठलंच सर्टिफिकेट पटत नाही. पंचवीस नंबरचं पोर्ट बंद असेल तर पाचशे सत्त्याऐंशी. या कामात हुशारी लागत नाही. आकडा बोलतो, आपण तो ऐकायचा. जिथं आकडाच नसतो तिथं माझी झोप उडते.

द्राक्षाच्या हंगामात ही तक्रार जास्त येते, कारण तेव्हा एकेका मेलवर कंटेनर अडलेला असतो. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातले आमचे ग्राहक नेदरलँड्सला माल पाठवतात. बिल ऑफ लेडिंग, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, औषधांच्या अंशाच्या तपासणीचा रिपोर्ट, असे सगळे कागद स्कॅन करून आधी मेलनं जातात. रॉटरडॅमचा खरेदीदार म्हणतो, कागद मिळाले नाहीत. इकडे पॅकहाउसमधला माणूस म्हणतो, मी स्वतः पाठवले. अशा माणसाला "पुन्हा पाठवून बघा" असं सांगणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. पुन्हा पाठवलेला मेल कधी कधी पोचतोही. पण पहिला कुठे गेला हे विचारायचं ज्यांना सुचत नाही, त्यांनी या खुर्चीत बसू नये असं माझं मत आहे.

हे आता लिहायला बसले, कारण गेल्या पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख माझ्यासमोर ठेवला. डावीकडे रेघ बरी चालते, उजवीकडे उंच स्वरांच्या बाजूला गेली की घसरत जाते. वयानं होतं, म्हणाले. इतकी वर्षं कानावर चढवलेल्या हेडसेटचा त्यात वाटा किती, हे मी विचारलं नाही.

फोनवर मेलचं काम करणाऱ्याला उंच स्वर जाणं म्हणजे काय, ते याच कामातल्या माणसाला कळेल. जुन्या टेलिफोनची तार आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. 'एस' आणि 'एफ' यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वरच राहतो, म्हणून धडधाकट कानालाही ती दोन अक्षरं फोनवर सारखीच लागतात. त्यासाठी आम्ही "एस फॉर सातारा ना?" असं विचारूनच घ्यायचो. पी पुण्याचा, डी दिल्लीचा, बी बॉम्बेचा. शहराचं नाव बदललं तरी आमच्या फोनवर ते बॉम्बेच राहिलं. आता मोबाइलवरून मोबाइलला आवाज सात हजार हर्ट्झपर्यंत येऊ लागलाय, व्यंजनं स्वच्छ ऐकू येतात असं सगळे म्हणतात. नेमकं आताच माझ्या कानानं तिथून अंग काढून घेतलं. मला आता टी आणि पी यांचाही भरवसा वाटत नाही. ग्राहक पत्ता सांगतो आणि मी त्याला सगळी गावं फिरवून आणते.

मला माझ्या कानाचा गर्व होता. आहे. पडदा न बघता, समोरचा माणूस काय बघतोय हे मला सांगता यायचं. मागून पॅकिंगच्या चिकटपट्टीचा आवाज आला की हा माणूस कॉम्प्युटरपाशी नाही, दुसऱ्याला विचारून मला सांगतोय. "सेंटमध्ये दिसतोय का?" असं विचारल्यावर लगेच "हो" आलं तर ते मी धरत नसे. बघणाऱ्या माणसाला हो म्हणायला वेळ लागतो. तो आधी फोन खांद्याला लावतो, माउस हलवतो, नाव वाचताना ओठात पुटपुटतो आणि मग हो म्हणतो. ती दीड-दोन सेकंदं मी ऐकायची. तेवढ्यात तक्रारीचं अर्धं काम झालेलं असायचं.

ग्राहकाचा पडदा दुरून बघता येईल अशी सोय कंपनीनं आणली तेव्हा मी ती टाळली. लोकांच्या खासगी गोष्टी आपल्या डोळ्यांना पडू नयेत, असं कारण मी मीटिंगमध्ये दिलं. ते कारण खरं होतं, पण त्याच्यामागे दुसरं होतं: न बघता सांगता येतं हे मला दाखवायचं होतं. "त्या मॅडमना द्या" असं ग्राहकानं म्हटलेलं मला आवडायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्यांना ते ऐकू गेलेलं त्याहून आवडायचं. पुढे भामट्यांनी तीच ॲप्स लोकांच्या मोबाइलमध्ये टाकायला लावून त्यांची खाती रिकामी केली. आता मी खरी कंपनीची असले तरी ग्राहक पडदा दाखवायला कचरतो. त्यानं कचरावंच. असल्या फोनला फसलेल्या माणसाला मी आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर फोन करायला लावते, मेलचं मग बघू म्हणते.

आता मूळ दुखण्याकडे येते.

दोन सर्व्हरचं आपसातलं बोलणं फार सभ्य असतं. तू कोण, मेल कुणाकडून, कुणासाठी. मग मजकूर, आणि मजकूर संपला हे सांगायला एका ओळीत एकटं टिंब. त्या टिंबाला समोरून २५० असं उत्तर आलं, की मेलची जबाबदारी या हातातून त्या हातात गेली. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मेलच्या नियमांची संहिता, आरएफसी ८२१, लिहिली, तेव्हापासूनचा हा करार आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जॉन क्लेन्सिन यांच्या संपादनाखाली आरएफसी ५३२१ आली, तिच्यात तर तो अगदी रोखठोक मांडलाय. २५० म्हणालात, तर मेल पोचवायचा, नाहीतर पोचला नाही हे पाठवणाऱ्याला कळवायचं. मशीन बंद पडलं किंवा जागा संपली अशा सबबीवर तो हरवायचा नाही. मी इंजिनिअर नाही, कॉमर्सची पदवी घेतलेली बाई आहे. पण ते पान वाचलं तेव्हा आपण ज्या कामात आहोत त्याला पाठीचा कणा आहे, असं मला वाटलं होतं.

ग्राहकांना मात्र २५० चा अर्थ फार मोठा वाटतो. तो सोसायटीच्या वॉचमननं कुरियरवाल्याच्या कागदावर केलेल्या सहीएवढाच आहे. पाकीट फाटकाच्या आत गेलं, इतकंच त्यातून कळतं.

बाउन्सला लोक घाबरतात. इंग्रजीतला तो लांबलचक मजकूर बघितला की आपलं काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं, आणि न वाचताच डिलीट करतात. मला तो मजकूर प्रिय आहे. कुणी नाकारलं, किती वाजता, कुठल्या कारणानं, सगळं त्यात असतं. आमच्या सुरुवातीच्या काळात सेंडमेल चालवणारे पुष्कळ होते. मेल अडला तर तो सर्व्हर चार तासांनी पाठवणाऱ्याला कळवायचा, की अजून गेलेला नाही, मी प्रयत्न करतोय, तुम्ही पुन्हा पाठवायची गरज नाही. मग पाच दिवस प्रयत्न करून हात टेकायचा आणि तेही कळवायचा. ग्राहक त्या चार तासांच्या मेलनंच घाबरून फोन करायचे. मी त्यांना सांगायची, घाबरू नका, तुमचा मेल कुणाच्या तरी हातात आहे आणि तो माणूस विसरलेला नाही. माणूस नव्हताच तो, पण मी तसंच म्हणायची.

हे सगळं स्पॅमनं नासवलं. खोट्या पत्त्यावरून लाखो मेल सुटायला लागले. ते नाकारून परत पाठवले की परतीचा मेल त्या खोट्या पत्त्याच्या खऱ्या मालकाकडे जायचा, ज्या बिचाऱ्यानं काहीच पाठवलेलं नसायचं. एखाद्याचा पत्ता असा वापरला गेला की सकाळी त्याच्या मेलबॉक्समध्ये परत आलेल्या मेलचा ढीग असायचा. मग सर्व्हर चालवणाऱ्यांनी सोपा मार्ग धरला: आधी २५० म्हणायचं, नंतर आत तपासायचं, आणि पटलं नाही तर मुकाट फेकून द्यायचं. आरएफसी ५३२१ नंही यापुढे थोडी मान तुकवली आहे. प्रत्यक्षात असं केलं जातं हे ती मान्य करते, आणि त्याच दमात बजावते की हे अत्यंत धोक्याचं आहे. मेल एकतर पोचतो नाहीतर परत येतो, या जुन्या परंपरेला त्यानं तडा जातो.

त्यांची अडचण मला समजते. पटत मात्र नाही, आणि न पटण्याचं कारण तांत्रिक आहे. तपासायचं तर २५० म्हणायच्या आधी तपासा. समोरचा सर्व्हर अजून दारात उभा असतो, तेव्हाच ५५० म्हणून नकार द्या आणि कारण सांगा. मग परतीचं पत्र तुम्हाला लिहावं लागत नाही, कुणा निरपराध्याला त्रास होत नाही. पाठवणारा खरा असेल तर त्याचा स्वतःचा सर्व्हर त्याला कळवतो. तेही जमत नसेल तर मेल स्पॅममध्ये टाका. जीमेलच्या स्पॅममध्ये तो तीस दिवस तरी असतो, कुणीतरी उघडून बघेल. आमच्या सर्व्हरवर दारातच तपासायची व्यवस्था आहे आणि ती व्हावी म्हणून मी, ग्राहक-कक्षातली बाई, सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलांशी भांडले आहे. प्रोसेसरवर ताण येतो, म्हणाले होते. येऊ दे म्हटलं.

नकार मिळाला तर काम किती सोपं होतं याचं उदाहरण सांगते. अंबडमधल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि त्यानं रात्रभर आमच्या सर्व्हरमधून स्पॅम सोडला. सकाळपर्यंत आमचा आयपी पत्ता काळ्या यादीत. त्याच सर्व्हरवरच्या डॉक्टरांचे, वकिलांचे, शाळेचे, सगळ्यांचे मेल परत येऊ लागले. फोन खणखणत होते, लोक चिडले होते. पण प्रत्येक बाउन्समध्ये कारण लिहिलेलं होतं, यादीचं नाव होतं. कारखान्याचं खातं बंद केलं, यादीवाल्यांना कळवलं, नाव उतरलं. लोकांना तो दिवस वाईट वाटला. माझ्या मते तो चांगला दिवस होता, कारण त्या दिवशी कुणीही गप्प बसलेलं नव्हतं.

गप्पपणाच्या जागा शोधणं हेच मग माझं वेड झालं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपची तक्रार होती, की मेल कधी येतात, कधी येत नाहीत. सकाळचे येतात, दुपारचे गायब. आमच्या लॉगमध्ये प्रत्येक मेल आलेला, मेलबॉक्समध्ये टाकलेला. मालक म्हणायचे, तुमचा सर्व्हर मेल खातो. मी त्यांना विचारलं, "तुमचा जुना कॉम्प्युटर कुठाय?" हा माझा ठेवणीतला प्रश्न. जुना कॉम्प्युटर त्यांनी पुतण्याला दिला होता. त्यात आउटलुक एक्स्प्रेस तसंच होतं, पॉपवर, सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण नसलेलं. पोरगा शाळेतून येऊन गेम खेळायला मशीन सुरू करायचा, आणि मागे ते इमानदारीत दर थोड्या वेळानं काकांचे मेल उचलून घ्यायचं. कोटेशनच्या मागण्या, ड्रॉइंग, पेमेंटची विचारणा, सगळं त्या मुलाच्या खोलीत व्यवस्थित जमा झालेलं होतं, तारीखवार. एकही हरवलेला नव्हता.

दुसरी जागा याहून वाईट. एका निर्यातदाराची तक्रार आली, की फक्त एका खरेदीदाराचे मेल बंद झालेत. बाकी सगळं सुरळीत. एकाच माणसाचे मेल गायब होणं हे लक्षण मी आता दुरून ओळखते. "तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे पासवर्ड द्या" अशा खोट्या मेलला त्यांच्या अकाउंटंटनं पासवर्ड देऊन टाकलेला होता. चोरानं काहीही उचललं नव्हतं. त्यानं फक्त एक नियम लावला होता: या खरेदीदाराचा मेल आला की वाचलेला म्हणून खूण करायची आणि कुणी कधी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये टाकायचा. आणि बाहेरून, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून लिहिलेल्या जुळ्या डोमेनवरून तो दोघांशी बोलत होता. बँक खातं बदललंय, पुढचे पैसे इकडे पाठवा. त्या वेळी पैसे जायच्या आत हे सापडलं. पासवर्ड बदलून थांबणारे असतात. नियम तसाच राहिला तर मेल पुन्हा त्याच भोकात जातात. आधी नियम उघडा, फॉरवर्डिंग उघडा, मग पासवर्ड. हे मी शिकाऊ पोरांना पाठ करायला लावते.

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी आमच्याकडचा मेलबॉक्स जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवला होता. सगळ्यांचे मेल यायचे, अमेरिकेतल्या मुलाचे यायचे नाहीत. मुलगा ऑफिसच्या पत्त्यावरून लिहायचा, आणि त्या कंपनीनं डीमार्क कडक करून ठेवला होता: आपल्या नावानं आलेलं पण न पटणारं काहीही नाकारा. फॉरवर्ड केलं की एसपीएफ, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवरून यावा याची तपासणी, तुटणारच, कारण त्यांच्या यादीत आमचा सर्व्हर नाही. डीकिमची डिजिटल सही टिकली असती तर निभावलं असतं. पण आमच्याकडची गाळणी संशयित मेलच्या विषयाच्या आधी एक खूण चिकटवायची, आणि विषयाला हात लागला की सही बाद. एवढं उलगडल्यावरही एक कोडं उरलं. जीमेल नाकारत होतं, म्हणजे मुलाला बाउन्स जायला हवा होता. तो जातही होता. मुलाच्या ऑफिसची गाळणी त्या बाउन्सलाच स्पॅम समजून गिळत होती. मेल हरवल्याची बातमीसुद्धा हरवत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोलले नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकिमचे नियम घट्ट केले, त्यानंतर असली फॉरवर्डिंगची दुखणी मी पुष्कळ पाहिली. नियम योग्य आहेत. फक्त जुन्या सवयीनं मेल फिरवणाऱ्या साध्या माणसांना ते कुणी समजावून सांगितले नाहीत.

मराठीत मेल करणाऱ्यांची एक वेगळीच व्यथा मी जवळून पाहिली, ती आताच्या पोरांना ठाऊकही नाही. युनिकोड अंगवळणी पडण्याआधी लेखक श्रीलिपीत नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली कथा सरळ मेलमध्ये चिकटवून दिवाळी अंकाला पाठवायचे. संपादकाकडे फॉन्ट नसला की पडद्यावर कंस, टक्के, इंग्रजी अक्षरांचा खच. मेल पोचलेला, कथा पोचलेली नाही. त्या कचऱ्याचा नुसता तोंडावळा बघून मूळ फॉन्ट कुठला ते मी सांगत असे. त्याचीही मला मिजास होती.

आता एका मुलीबद्दल. सिन्नरहून येते, बीएस्सी कॉम्प्युटर केलेली. डॉक्टरांचा आलेख मी साहेबांना दाखवल्यावर तिला माझ्या शेजारी बसवलं, दुसरा हेडसेट देऊन. मी ग्राहकाशी बोलते, ती अक्षरं पकडते, कागदावर लिहून माझ्याकडे सरकवते. सुरुवातीला तो कागद बघायला मला जड जायचं. ऐकल्यासारखं करून मी आपलंच लिहायची, मग गुपचूप तिच्या कागदाशी ताडून बघायची.

कामाच्या पद्धतीवरून आमचं पटत नाही. ती म्हणते, "मॅडम, आधी लॉग बघू, मग माणसाला विचारू." माझं उलटं. कुठला मेल शोधायचा हे माणसाकडूनच कळतं. लोक वार चुकीचा सांगतात, पत्ता अर्धा सांगतात, दोन मेल एकात मिसळतात. बोलता बोलता गाठ सुटते. तिचं म्हणणं, लॉगला कुणाची समजूत काढावी लागत नाही. एका यंत्र-व्यापाऱ्याशी मी वीसेक मिनिटं बोलत होते, त्याचे मागचे पुढचे धागे जुळवत होते. तेवढ्यात तिनं लॉगमधली एक ओळ माझ्यासमोर धरली. आउटलुकनं आपल्या आठवणीतला जुना पत्ता भरला होता. समोरच्या कंपनीनं ते डोमेन कधीच सोडलेलं, दुसऱ्याच कुणी विकत घेतलेलं, आणि तिथला सर्व्हर येईल तो मेल २५० म्हणून घेत होता. तिनं ते ओळखलं होतं डोमेनच्या नोंदणीची तारीख बघून. मला आनंद झाला, असं इथं लिहायला हवं. झाला, पण दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मला एवढंच वाटलं, की ग्राहकानं शेवटी आभार तिचे मानले.

इतक्या वर्षांच्या गप्पपणाच्या जागा मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. ती वही मी तिला बरेच महिने दिली नाही. शिकणाऱ्यानं स्वतः ठेचा खाऊन शिकावं असं मी म्हणायची. वही दिली की माझ्याकडे यायचं कारण उरणार नाही, ही भीती त्यामागे होती.

आमचा धंदा मात्र गप्पपणाच्याच बाजूला चाललाय. फोन किती मिनिटांत ठेवला, यावर पोरांचे गुण ठरतात. साहजिकच "कॅशे साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका, बंद करून सुरू करा" हे सांगून ती मोकळी होतात. यातलं काहीही हरवलेल्या मेलच्या जवळपास फिरकत नाही. चॅटबॉट तर समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याला आवडीचा पर्याय निवडायला सांगतो. निम्मा धंदा फुकटच्या मेलवर चालवणारे व्यापारी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा मेल हरवला तर त्यांनी विचारायचं कुणाला? फोन नंबर नाही, कक्ष नाही, मॅडम नाही. पैसे भरून घेतलेल्या सेवेत ॲडमिनला मेलचा माग काढता येतो. फुकटवाल्याला तोही नाही.

आणि आता आमची कंपनीही स्वतःचे मेलबॉक्स बंद करते आहे. येत्या मार्चनंतर ग्राहकांनी दुसरीकडे जावं अशी पत्रं गेली आहेत. कारणं मला मान्य आहेत. स्पॅमशी झुंजणं, सुरक्षितता, जागा, सगळं महाग झालंय, आणि जगभरच्या इंटरनेट कंपन्या हेच करत आल्या आहेत. लोकांना नवीन मेलबॉक्स मिळेल, बहुधा आमच्यापेक्षा चांगला. माझ्या हातून लॉग जाईल. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं लॉग १८० दिवस जपायला लावले आहेत, त्यामुळे ते कुठेतरी असतीलच. पण "मॅडम, मेल सकाळीच टाकलाय" म्हणणाऱ्या माणसासाठी ते उघडून बघणारं कुणी असेल, असं त्या आदेशात नाही.

सध्या एक तक्रार उघडी आहे. निफाडचे निर्यातदार, कागदांचा मेल, आमच्या लॉगमध्ये समोरच्या सर्व्हरचं २५० आणि त्यांनी दिलेला क्यू-क्रमांक स्वच्छ नोंदलेला. तिकडचे आयटीवाले बाहेरच्या कंपनीचे. असा मेल आमच्याकडे नाही, एवढं एक वाक्य त्यांनी पाठवलं. कागद दुसऱ्या पत्त्यावरून गेले, कंटेनर सुटला, ग्राहक केव्हाच खूश. तक्रार बंद करायला आमच्या सिस्टीममध्ये दोनच पर्याय होते, 'सुटली' आणि 'ग्राहकाचा प्रतिसाद नाही'. मी दोन्ही नाकारले. मुलीनं साहेबांकडून तिसरा घालून घेतला, 'समोरच्याकडे हरवला'. मी तोही लावलेला नाही, कारण तो समोरच्याकडे नेमका कुठे हरवला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. सोमवारी आपल्या दुपारी त्यांचं ऑफिस उघडतं, तेव्हा फोन लावायचा ठरलंय. बोलणार ती, डच माणसाच्या इंग्रजीतली व्यंजनं आता माझ्या हाती लागत नाहीत. प्रश्न मी लिहून दिले आहेत. मेल क्वारंटाइनमध्ये आहे का, हा पहिला. नसेल, तर या क्यू-क्रमांकाचा तुमच्या लॉगमधला पुढचा टप्पा वाचून दाखवा, हा दुसरा. आणि तिसरा, त्याचं उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही असं तिला बजावलंय: तुमची गाळणी जे मेल मारते, त्यांची नोंद ती कुठे करते?